स्मर्तृगामी आणि विसरलेली आई

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमेच्या संध्याकाळी आपण सारे मंदिरात जमतो. पाळण्याला फुलांची झालर असते, सुंठवड्याचे ताट झाकून ठेवलेले असते, आणि दिवेलागणीला जन्माचा गजर झाला की पाळण्याची दोरी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. त्या पाळण्यात कोण निजला आहे? उत्पत्ती, स्थिती आणि लय ज्याच्या हातात, तो. आणि त्या घटकेला त्याची अवस्था काय? भूक लागली तर सांगता येत नाही, कूस बदलता येत नाही, आपण कोण हेही ठाऊक नाही. त्रैलोक्याचा मालक, आणि दोरी दुसऱ्याच्या हातात!

यंदाच्या जयंती अंकात मी त्या दोरीविषयीच चार शब्द लिहिणार आहे. कारण असा एक पाळणा हल्ली आपल्या पुष्कळ घरांत आहे. त्यात बाळ नसते. पंच्याऐंशी वर्षांची आई असते, नाहीतर नव्वदीचे वडील असतात. घर त्यांच्या नावावर, शेत त्यांच्या नावावर, बँकेतली ठेव त्यांच्या नावावर. आणि आपले नाव काय, हे मात्र त्यांना आठवत नाही.

दत्तमहाराजांना आपण ‘स्मर्तृगामी’ म्हणतो. जो स्मरण करील त्याच्याकडे तत्काळ जाणारा. आता गंमत बघा, प्रवचन संपले, तीर्थप्रसाद झाला, की कुणीतरी मागे रेंगाळते आणि हळू आवाजात विचारते, “आईनं पन्नास वर्षं गुरुवार धरला. करुणात्रिपदी तोंडपाठ होती तिला. आता दत्त म्हणजे कोण, हेच कळत नाही. स्मरणच राहिलं नाही, तर महाराज तिच्याकडे येणार कसे?” अशी शंका मला एकाने नाही, बऱ्याच जणांनी विचारली आहे. तिचे समाधान मी शेवटी करीन. कारण त्या समाधानाची वाट देवघरातून सुरू होत नाही. ती घरातल्या लोखंडी कपाटापासून सुरू होते. त्या कपाटात कागद आहेत.

स्मृतिभ्रंश कुणाचा?

आधी आजार समजून घेऊ. डॉक्टर याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अल्झायमरचा. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये तो प्रथम मांडला. आपल्या देशात साठी ओलांडलेल्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना हा त्रास असावा, असा अलीकडच्या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या मंदिराच्या सभामंडपात बसलेल्या ज्येष्ठांमध्येही ही पावले येऊन पोचली आहेत.

या आजारात जवळचे आधी जाते, दूरचे मागे राहते. सकाळी जेवण झाले की नाही हे आठवत नाही. माहेरच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या, ते मात्र बिनचूक सांगता येते. मुलाला ‘दादा’ म्हणून हाक मारतात, कारण त्यांच्या मनात भाऊच अजून तरुण आहे. मात्र प्रत्येक विसराळूपणा म्हणजे हा आजार नव्हे. थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, म्हातारपणातले नैराश्य यांनीही माणूस असाच वागू लागतो, आणि त्यावर औषध आहे. म्हणून आधी डॉक्टर, मग बाकीचे. आणि एक विनंती: कुणाच्या आईला हा आजार झाला तर ‘पूर्वकर्म हो, दुसरं काय’ असे तिच्या उंबऱ्यात उभे राहून म्हणू नका. मेंदू झिजतो, तसा गुडघा झिजतो. गुडघ्याला आपण पाप चिकटवत नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द डॉक्टरांनी नवा घडवलेला नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो आहे. तिथे भगवंतांनी पायऱ्या सांगितल्या आहेत. विषयाचे चिंतन केले की आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश, आणि मग सर्वनाश. आता सांगा, घरात आई विसरते आहे आणि दोन भाऊ सातबाऱ्यावरून एकमेकांच्या अंगावर धावत आहेत. गीतेतला स्मृतिभ्रंश कुणाला झाला? आईचा मेंदू आजारी आहे. पण एका ताटात जेवलो, एकाच गोधडीत झोपलो, ताप आला तेव्हा हाच भाऊ रात्रभर पायाशी बसला होता, हे धडधाकट माणसे विसरली. त्यांच्या विसरण्याला औषधाच्या दुकानात गोळी नाही.

एक घर

एक घर सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही.

जुने चौसोपी घर आणि दोन एकर बागायत. वडिलांनी घेतानाच दोन्ही आईच्या नावावर घेतलेले. वडील गेले. थोरला आईजवळ राहिला, धाकटा पुण्याला नोकरीत, बहीण जवळच्याच तालुक्यात दिलेली. सत्तरीनंतर आईचे विसरणे सुरू झाले. नऊ वर्षे थोरल्याने आणि त्याच्या बायकोने काढली. खरे सांगायचे तर बायकोने काढली. रात्री तीन वेळा उठायचे, कपडे बदलायचे, दाराला आतून वरची कडी लावायची, कारण आई पहाटे ‘शाळेची वेळ झाली’ म्हणून निघायची. धाकटा दिवाळीला यायचा, फळांची करंडी आणायचा आणि ‘वहिनी, आई फार वाळली हो’ म्हणून जायचा. हे वाक्य ज्या सुनेने ऐकले आहे, तिलाच त्याचा भार कळतो.

त्यात आईने म्हणायला सुरुवात केली, “माझ्या पाटल्या हिनं घेतल्या.” पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये होत्या. पण फोनवर धाकट्याने ते ऐकले आणि त्याच्या मनात किडा शिरला. इकडे थोरल्याच्या मनात दुसरा किडा. ‘सगळं मी करायचं आणि वाटे तीन पडायचे!’ एके दिवशी त्याने आईला गाडीत घातले, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले आणि घर-शेताचे बक्षीसपत्र स्वतःच्या नावावर करून घेतले.

पुढे धाकट्याने पुण्यात बसून मोबाइलवर सातबारा पाहिला, तेव्हा आईचे नाव गेलेले दिसले. त्याने दस्ताची नक्कल काढली. दस्ताखाली आईचा अंगठा होता. मंडळी, ती आई जुनी फायनल झालेली. पोस्टाच्या पासबुकावर चाळीस वर्षे तिने वळणदार मोडीच्या धाटणीची सही केलेली. तिच्या नावापुढे अंगठा! तो कागद माझ्यापुढे ठेवताना धाकट्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि त्या पाण्यात राग किती नि दुःख किती, ते त्यालाही सांगता आले नसते.

दावा लागला. बहिणीने दोघांकडे येणे सोडले. आणि मग सर्वांत वाईट झाले. ‘आई माझ्याकडेही राहील’ म्हणून धाकटा तिला सहा महिने पुण्याला नेऊ लागला. ज्या म्हातारीला स्वतःच्या घरातली मोरी सापडत नव्हती, तिला चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत नेऊन बसवले. रोज दिवेलागणीला ती लुगड्याचे गाठोडे बांधायची आणि विचारायची, “मला घरी कधी नेणार?” पुण्यात असली तरी हेच, आणि गावच्या घरी परत आणली तरी हेच.

दोघेही भाऊ दत्तभक्त. दोघेही वेगवेगळ्या दिवशी माझ्याकडे आले, आणि दोघांचे मागणे एकच. “गुरुचरित्राचा सप्ताह करायचा आहे. दाव्यात यश यावं.” मी दोघांनाही एकच विचारले. “संकल्पात आईचं नाव कशासाठी घालू? तिच्या आरोग्यासाठी, की तिच्या घरासाठी?” दोघेही गप्प बसले. मग मी दोघांनाही सप्ताहाआधी एकच अध्याय पुन्हा वाचायला सांगितला. चौथा.

अनसूयेने कधी मागितले?

चौथा अध्याय आपल्या सर्वांच्या ओळखीचा. ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथी होऊन अत्रिऋषींच्या आश्रमी येतात, सती अनसूयेचे सत्त्व पाहायला. विचित्र भिक्षा मागतात. ती पतीचे तपोबळ स्मरते, आणि देवांची बाळे होतात. ती त्यांना स्तनपान देते, पाळण्यात निजवते.

इथपर्यंत आपण कितीदा ऐकले. पण थोडे थांबून पाहा. अनसूयेच्या पाळण्यात त्या वेळी काय होते? ब्रह्मलोक, वैकुंठ आणि कैलास या तिन्हींचे धनी तिच्या मांडीवर होते, आणि त्यांना स्वतःची ओळख नव्हती. तिने म्हटले असते, ‘द्या मला हे, द्या ते’, तर नाही म्हणण्याचे भान त्यांना कुठे होते? ती काही मागत नाही. तिच्या हातात दोरी आहे. दोरीचा उपयोग ती झोका देण्यासाठी करते. अत्रिऋषी येतात, बाळांना ओळखतात, वंदन करतात. मग देव आपल्या मूळ रूपात उभे राहतात, ‘वर मागा’ असे स्वतः म्हणतात, आणि त्यानंतर, हे ‘त्यानंतर’ महत्त्वाचे आहे, ते दांपत्य मागते. काय मागते? ही बाळे आमच्या घरी पुत्र म्हणून राहोत, एवढेच. संपत्तीचा शब्द नाही.

वर केव्हा खरा? देणारा स्वरूपात असेल तेव्हा. भान हरपलेल्या हातून घेतलेले दान हे दान नव्हे. तो अंगठा आईचा असला, तरी त्यामागची इच्छा आईची नव्हती. शाई आईच्या बोटाला, आणि हात दुसऱ्याचा.

या माउलीचे नावच पाहा. अन्-असूया. जिच्या ठायी असूया नाही ती. दत्तप्रभूंना जन्म घ्यायला जागा हवी होती, तेव्हा त्यांनी हे घर निवडले. आणि त्या घरात भाऊ तीन होते बरं का! चंद्र आणि दुर्वास मातेची आज्ञा घेऊन आपापल्या कार्याला गेले, दत्त मातेपाशी राहिले. जाणारे ‘आमचा वाटा’ म्हणाले नाहीत, राहणारे ‘माझी सेवा’ म्हणाले नाहीत. एकाने जवळ राहावे आणि दोघांनी दूर जावे, ही रचना तेव्हाही होती. आज एक गावी, एक पुण्याला, एक अमेरिकेत असतो, इतकेच.

पाचव्या अध्यायात श्रीपाद श्रीवल्लभ सोळाव्या वर्षी पीठापूरचे घर सोडतात. आई व्याकूळ होते, कारण मागे राहणारे दोन मुलगे. एक आंधळा, एक पांगळा. महाराज आधी त्या दोघांना अमृतदृष्टीने धडधाकट करतात, आईबापांची सेवा त्यांच्या हाती सोपवतात, आणि मगच निघतात. संन्यासाला निघालेल्या अवतारानेसुद्धा घरची व्यवस्था लावली. मग परगावी राहणाऱ्या आपण सर्वांनी ‘दादा आहे ना तिथं’ म्हणून मोकळे कसे व्हावे? जवळ राहणाऱ्याच्या पायात बळ भरणे, हे दूर जाणाऱ्याचे कर्तव्य आहे.

आता पुढचे ऐका. त्या घरात पुढे तडजोड झाली. माझ्या सांगण्याने झाली असे म्हणणार नाही; बहीण खंबीर होती आणि दोन्हीकडचे वकील शहाणे होते. एका रविवारी सगळे मधल्या सोप्यात बसले. वाटे, दर, मोजणी, सगळे बोलून झाले. थोरल्याची बायको तोवर दाराशी उभी होती. शेवटी ती म्हणाली, “मला घर नको नि शेत नको. मला आठवड्यातून चार तास द्या. नऊ वर्षांत मी एका लग्नाला पूर्ण बसले नाही.” त्यानंतर बराच वेळ कुणी बोलले नाही. बक्षीसपत्र मागे घेण्याचे ठरले. आईच्या हिताचा प्रश्न असल्यामुळे न्यायालयाची परवानगी घेऊन तडजोड नोंदवली गेली. शेताच्या खंडाचे पैसे आईच्या खात्यात, त्यातून दिवसाची बाई; महिन्यातला एक आठवडा धाकटा गावी येऊन आईजवळ राहणार, आईला हलवायचे नाही. भाऊ पूर्वीसारखे एक झाले का? नाही झाले. पण आईचे गाठोडे बांधणे कमी झाले.

पथ्ये

दत्तभक्तहो, औषधाबरोबर पथ्य लागते. जे अनुभवातून आणि जाणत्यांकडून समजले, ते सांगतो.

पहिले पथ्य, अंगठा घेऊ नका. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा. करार असो की मृत्युपत्र, सही करताना माणूस शुद्धबुद्धीत हवा, हे दोन्हींत आहे. अशा आजारातही सुरुवातीला काही घटका लख्ख असतात, हे खरे. पण ती घटका लख्ख होती की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावे, ज्याला लाभ होणार आहे त्याने नव्हे. पुष्कळांचा आणखी एक गैरसमज आहे. ‘माझ्याकडे आईचं मुखत्यारपत्र आहे, म्हणजे झालं.’ नाही झाले. देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की साधे मुखत्यारपत्र कायद्याने संपते. खर्चासाठी पैसे काढायचे किंवा मालमत्तेचा व्यवहार करायचाच असेल, तर वकिलामार्फत न्यायालयाकडे जावे. अशा रुग्णाच्या जवळच्या माणसाला उच्च न्यायालयाने पालक नेमल्याची उदाहरणे आहेत. वाट लांबची आहे, पण उजेडातली आहे.

दुसरे पथ्य, आईचा पैसा आधी आईचा. तिच्या औषधाला, दुधाला, लंगोटाला, रात्रीच्या बाईला तो लागायचा आहे. उरला तर तो वारसांचा. देवस्थानचा जमाखर्च आपण दरवर्षी फळ्यावर लावतो की नाही? आईचा जमाखर्चही तसाच एका वहीत लिहावा आणि ती वही सर्व भावंडांना दिसावी. निम्मी भांडणे पैशाची नसतात, न दिसणाऱ्या पैशाची असतात.

तिसरे पथ्य, सेवेचा मोबदला लपून घेऊ नका, आणि मागितला तर लाजवू नका. सेवा निष्काम हवी हे मला मान्य. पण ते सेवा करणाऱ्याने स्वतःला सांगायचे असते, करंडी घेऊन येणाऱ्याने त्याला सांगायचे नसते. जो जवळ राहतो त्याची नोकरी अडते, झोप जाते, तब्येत जाते. सर्वांनी बसून त्याला काही जास्त द्यावे असे ठरवले तर तो धर्मच आहे. बंद दाराआड घेतले की तीच चोरी होते. आणि सुनेला विसरू नका. कायद्याने सासूच्या मालमत्तेत नवरा असताना तिला वाटा येत नाही. रात्री उठायला मात्र तीच असते.

चौथे पथ्य, लेकीचा वाटा. मृत्युपत्र न करता आई गेली, तर तिच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगे-मुली सारखेच वारस. वडिलोपार्जित मालमत्तेतही हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ सालची दुरुस्ती आल्यापासून मुलीचा हक्क मुलाइतकाच. तरी ‘माहेर टिकवायचं ना?’ असे म्हणून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले. त्यातला कुरर पक्षी चोचीत मांसाचा तुकडा घेऊन उडतो, बाकीचे बळकट पक्षी त्याला टोचून काढतात. तो तुकडा टाकतो आणि सुखी होतो. सुंदर दृष्टांत आहे. पण ज्याच्या-त्याच्या घरी ही कुरराची गोष्ट बहिणीलाच ऐकवली जाते! तिने स्वतः होऊन सोडले तर ते वैराग्य. तिला टोचून सोडायला लावले, तर आपण त्या गोष्टीतले बाकीचे पक्षी झालो.

पाचवे पथ्य, आजाराच्या तोंडचे बोलणे पुराव्याला घेऊ नका. ‘माझे दागिने चोरले’, ‘मला जेवायला देत नाहीत’, ‘हा माझा मुलगाच नव्हे’, ही या आजाराची नेहमीची लक्षणे आहेत. दूरच्या मुलाने फोनवर हे ऐकले तर वहिनीची झडती घेऊ नये. आठ दिवस येऊन राहावे, म्हणजे नवव्या दिवशी चोर तोच ठरतो! अर्थात, खरोखरच हेळसांड दिसत असेल, अंगावर वळ दिसत असतील, तर गप्पही बसू नये. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा दूरध्वनी आहे.

सहावे पथ्य, शेत वाटा, भांडी वाटा, आई वाटू नका. तिला जागा बदलली की अंधारात सोडल्यासारखे होते. जमेल तितके तिला एकाच घरात, एकाच खाटेवर, एकाच खिडकीपाशी ठेवा, आणि पाळ्या आपण बदला.

आपली पाळी

हे वाचणारे आपण बहुतेक साठी-सत्तरीतले आहोत. वर नव्वदीची आई आणि खाली चाळिशीतला मुलगा. आईविषयी वाचताना आपण मुलगा होतो. पण उद्या पाळण्यात आपणच असणार. म्हणून जे करायचे ते स्वरूपात असताना करा.

मृत्युपत्र करा. साध्या कागदावरही चालते. दोन साक्षीदार लागतात, आणि लाभ मिळणाऱ्याला साक्षीला घेऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. वय झाले असेल तर त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा. बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांसाठी पैसे स्वीकारणारा. हे मुलांना आजच सांगा. आणि जिवंतपणी घर मुलाच्या नावावर करायचे असेल, तर ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रात लिहून घ्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे. अशी अट असून सांभाळ केला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे तो व्यवहार रद्द करून मागता येतो.

‘मुलांवर विश्वास नाही का?’ असे कुणी विचारेल. विश्वास आहे, म्हणूनच स्पष्ट लिहायचे. आपण मागे कोडे ठेवून गेलो, तर मुले ते एकमेकांच्या डोक्यावर फोडतात. आणि कागदाआधी तोंडाने बोला. कुणाला काय आणि का, हे सर्वांना एका वेळी, एका पंगतीत सांगा. एकाला कानात सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या काळजात जाऊन रुतते.

शंकेचे समाधान

आता ती शंका. स्मरण गेले, तर स्मर्तृगामी येणार कसा?

तुम्ही सहा महिन्यांचे होतात, तेव्हा तुम्हाला दत्ताचे नाव ठाऊक होते का? तापाने फणफणला होतात, तेव्हा आईने तुमच्या कपाळाला अंगारा लावला. ‘माझ्या बाळाला बरं वाटू दे, वाडीला घेऊन येईन’ असे बोलली. नवस तुमच्या नावाचा, स्मरण तिचे. महाराजांनी तेव्हा असे म्हटले का, की बाळाने स्वतः हाक मारली नाही, मी येणार नाही? ते आले. आपण येथवर आलो, ते आपल्या वतीने कुणीतरी केलेल्या स्मरणावर. अनसूयेच्या पाळण्यातल्या बाळांनी तिला ओळखले नव्हते. तिने त्यांना ओळखले होते, एवढे पुरले.

तेच कर्ज आता फेडायचे आहे. आईचे स्मरण संपले नाही, ते आपल्याकडे ठेवायला दिले आहे. घर, शेत, पाटल्या ही त्या ठेवीतली लहान रक्कम. मोठी रक्कम ही आहे. संध्याकाळी ती कावरीबावरी होते, त्याच वेळी देवघरात दिवा लावा, तिला जवळ बसवा, तिचा हात हातात घ्या आणि तिची नेहमीची आरती तिच्याच चालीत म्हणा. मुलांची नावे विसरलेल्या पुष्कळ माउल्या आरतीच्या चालीला टाळी धरतात, एखादा शब्दही पुढे करतात. शब्द जातात, चाल राहते. आणि काहीच राहिले नाही, तरी तिच्या वतीने आपण म्हणावे. ते पोचते.

फक्त एक विचार करा. तिच्या वतीने जोडायचे ते हात, आणि तिचा अंगठा शाईत दाबायचा तो हात, हे एकाच अंगाला असू शकत नाहीत. ज्याने तिच्या विसरण्याचा फायदा घेतला, तो तिच्या वतीने आठवायला उभा राहिला, तर त्याची मान महाराजांपुढे वर होणार कशी? म्हणून म्हणालो होतो, त्या उत्तराची वाट कपाटावरून जाते. कपाटातला कागद स्वच्छ असेल, तर देवघरातला शब्द पोचतो.

हे दत्तात्रेया, आमच्या घरातल्या पाळण्याची दोरी तू आमच्या हातात दिली आहेस. ती ओढून घेण्याची बुद्धी आम्हाला होऊ नये, झोका देण्याची व्हावी. भावाला भाऊ आठवावा, बहिणीला माहेर राहावे, रात्री जागणाऱ्या सुनेला चार तास झोप मिळावी. आणि उद्या आमचे भान जाईल, तेव्हा आमच्या वतीने तुझे नाव घेणारे कुणीतरी आमच्या उशाशी असावे.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥